हिंगणाचा गर आणि बारवेतली नथनी

ऐन उन्हाळ्यात खानदेशात जाते म्हटल्यावर आमच्या शाळेतल्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू काशीला देह ठेवायलाच निघाले आहे. "अगं, तिथं पाखरं उडता उडता खाली पडतात म्हणे," एक म्हणाली. पुण्याच्या माणसाचा खानदेश म्हणजे भुसावळ स्टेशन, आणि तेही झोपेत मागे पडलेलं. मी जाऊन आले. पाखरं पडली नाहीत. ती आपल्यापेक्षा शहाणी, दुपारभर आंब्याच्या दाट पानांत गप्प बसून राहतात. ऊन मात्र सांगतात तसंच होतं, थोडं जास्तच.

जाण्याला दोन निमित्तं होती. पहिलं म्हणजे कमळ. कमळ माझी वसतिगृहातली जोडीदारीण, यावलच्या पुढच्या एका गावची. विषमज्वरानं ती गेली, तेव्हा लग्न व्हायचं होतं, शिक्षण संपायचं होतं, सगळंच व्हायचं होतं. तिचे आईवडील दर उन्हाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या हाती निरोप धाडत, 'एकदा येऊन जा.' मी टाळत होते. ज्या घरातली खुंटीन् खुंटी तिच्या तोंडून ऐकली, त्या घरात ती नसताना पाऊल टाकायचं, याची मला धास्तीच वाटे.

दुसरं निमित्त नारूचं. यंदाच्या निरोपात होतं, की त्यांच्या सुनेला याही वर्षी नारू झाला. मी मुलींना शास्त्र शिकवते. पोटातल्या जंतांवर वैद्य हिंगणाच्या फळाचा गर देतात, हे ठाऊक असल्यामुळे दोन वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मी तोच गर पाण्यातल्या, नारू पसरवणाऱ्या बारीक जिवांवर घालून पाहत होते. मुख्याध्यापिकाबाई म्हणत, "सुमनबाई, तुमच्या खोलीला साबणासारखा वास येतो." हा निरोप आला तेव्हा म्हटलं, आता जायलाच हवं.

तापी ओलांडताना

सामान म्हणजे एक वळकटी आणि रजईत गुंडाळलेल्या काचेच्या बरण्या. भुसावळच्या हमालानं त्या डोक्यावर घेताना विचारलं, "लोणचं का बाई?" मी नाही म्हटलं. मोटारीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कैरीचं का लिंबाचं?" तिलाही नाही म्हटलं. तिनंच पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र कंटाळून हो म्हटलं, आणि ते पुढे मला चांगलंच भोवलं.

मोटारीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी धुळ्याकडचा कंडक्टर सगळ्यांना जागा आहे म्हणत प्रत्येकाला हात धरून आत ओढत होता. "बठ्ठासले जागा शे, बस वं आक्का!" तापीच्या पात्रात मोटार वाळूत रुतली. सगळे उतरले, पुरुषांनी ढकलली, बायकांनी सल्ले दिले. उन्हाळ्यातली तापी म्हणजे रुंद वाळवंटाच्या कडेनं जाणारी पाण्याची एक पट्टी. वाळूत टरबुजांचे वेल पसरलेले. एका वाडीवाल्यानं काही न विचारता टरबूज दगडावर आपटून फोडलं आणि लाल गराचा एवढा मोठा तुकडा माझ्या हातात दिला, की दोन्ही कोपरांवरून रस ओघळला. आमच्याकडे फळ चिरून, बिया काढून, बशीतून देतात. त्यात फळ कमी आणि बशीच जास्त असते.

यावलला कमळचे वडील, नाना, दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे हलकी बैलगाडी, बैल चांगले असले तर घोड्यालाही हटणार नाही अशी. नाना उंच, डोक्याला पांढरं पागोटं, कमळचं नाक. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"कमयनं सांगेल व्हतं, तू लय बोलते म्हनून," ते म्हणाले; तिकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. "बोल आता."

मी बरण्या सांभाळत दमणीत चढले. नानांनी बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि दमणी गावाकडे निघाली. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा होत्या. उन्हानं डोळे दिपत होते, पण बागेच्या कडेनं जाताना गार ओला श्वास अंगावर येई. समोर सातपुडा निळा दिसत होता.

अक्काचं घर

कमळच्या आईला सगळं गाव अक्का म्हणतं. तिची सूनही अक्काच म्हणते. ठेंगणी, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं मला पाय धुवायला पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न केला तो लोणच्याचा. मोटारीतली बाई याच गावची निघाली होती. काचेच्या रिकाम्या बरण्या मी रांगेनं मांडल्या, तेव्हा अक्काचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "जाऊ दे व माय," ती म्हणाली, "वाटेत संपलं असीन."

जेवायला खापरावरचे मांडे आणि आमरस. उलट्या खापरावर, हातावर फिरवून रुमालासारखे पातळ केलेले मांडे टाकताना अक्काला पाहावं. आणि तूप! आमच्याकडे तूप चमच्यानं वाढतात, आणि पाहुण्यानं 'पुरे' म्हटलं की वाढणाऱ्याला बरं वाटतं. इथे 'पुरे' हा शब्द कोणाला ऐकूच येत नाही. मी ताटावर आडवा हात धरला, तर तूप हातावर पडलं. हात आखडून वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, ही इथली सगळ्यांत मोठी नीती.

मग मी हिरव्या मिरचीचा ठेचा बोटभर घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अक्कानं ते पाहिलं, तिला वाटलं मला कमळ आठवली, आणि तिनं पदर तोंडाला लावला. आता तिला मिरचीचं कसं सांगावं? मी गप्प राहिले, आणि बसल्या बसल्या मला खरंच कमळ आठवली. ती ठेचा चाटून खाई आणि मला 'पाणचट पुणेकरीण' म्हणे. मग आम्ही दोघी ताटावर बसून मनसोक्त रडलो.

सून गोदा दाराआड उभी होती. वीस-एकवीस वर्षांची, गव्हाळ, बोलकी. कमळच्या पाठच्या भावाची ही बायको. तो धुळ्याला सरकीच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. गोदा एक पाय सतत लुगड्याखाली लपवत होती. मी दाखव म्हटल्यावर तिनं आधी सासूकडे पाहिलं. घोट्याच्या वर सूज, मध्ये एक फोड, आणि त्यातून निघालेला पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळलेला. तो रोज थोडा थोडा गुंडाळत बाहेर काढायचा. घाईनं ओढला तर आत तुटतो. मागच्या वर्षी तिचा गुडघ्यापाशी तुटला होता, आणि तेव्हापासून तो गुडघा पुरता वळत नाही.

"अजून एकदा असं झालं त पाय जाईन म्हन्ते दवाखान्यातली बाई," गोदा हसत म्हणाली. वाईट गोष्ट हसून सांगायची तिला सवय आहे. "आखाजीले माहेरी गेली न्हाई दोन वर्सं झाली. झोका मले आता आठवतच न्हाई."

आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया. आपल्याकडे ती येते आणि जाते. खानदेशात मात्र ती लेकींची दिवाळी असते. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. गोदानं ते सगळं दोन वर्षं दुसऱ्यांच्या अंगणातून ऐकलं होतं.

सकाळी अक्का मला बारवेवर घेऊन गेली. जुनी दगडी, पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाणारी विहीर. सगळं गाव हिचंच पाणी पितं. बायका घागर बुडवायला पोटरीएवढ्या पाण्यात उतरतात. उन्हाळ्यामुळे पाणी पार तळाशी गेलेलं, हिरवट आणि शांत होतं. अक्का खालच्या पायरीवर बसली, पदरातून ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या काढल्या आणि हाक मारली, "ये व नथनी."

पाण्यातून एक मोठा मासा वर आला. हातभर लांब, तांबूस खवले, तोंडाशी सोन्यासारखा एक ठिपका. तिच्या बोटांतून त्यानं गोळी घेतली, आणि पुन्हा तोंड वर करून थांबला.

"कमयनं आनेल हाये," अक्का म्हणाली. "एवढीशी व्हती, बोटाएवढी. तापीतून लोट्यात घालून आनली. मी रागावली, घरात काय माशे पायतात काय? त हिनं इथं सोडली. नाव बी तिनंच ठेवलं." तिनं दुसरी गोळी दिली. "आमच्यात कुवार पोरीचं काही करत न्हाई माय. ना सराध, ना तिथ. गेली त गेली. मले जाले एवढीच एक जागा हाये."

ओटीवरच्या बरण्या

मी बारवेचं पाणी बरण्यांत भरून ओटीवर ठेवलं आणि भिंग काढलं. नारू कसा होतो ते सांगायला एवढं पुरतं. नारू झालेली बाई पाण्यात पाय बुडवते, तेव्हा किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पाण्यातल्या टाचणीच्या टोकाएवढ्या उवा त्या पिल्लांना गिळतात. त्या उवा पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातात, आणि वर्षभरानं पायातून नवा किडा डोकं काढतो. थोडक्यात, गोदाचा पाय बारवेला नारू देत होता आणि बारव तो गोदाला परत करत होती.

भिंगातून पाहायला गाव लोटलं. नानांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"हे त उड्या मारून राह्यले!" ते म्हणाले. "अन् आपन हे पेतो?"

त्या दिवशी नानांनी पाण्याला स्पर्श केला नाही. फक्त ताक प्यायले. ताकात पाणी कुठलं असतं, हे संध्याकाळी गोदानं सांगितलं, तेव्हा ते ओटीवर जाऊन नुसते बसून राहिले.

पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि अक्कानं जुन्या लुगड्याचं फडकं घागरीला बांधलंही. पण शेतावरून येणारी माणसं, ढोरांमागची पोरं, वाटसरू, सगळे पायरीवर बसून ओंजळीनं पिणारे. ओंजळीला फडकं कोण बांधणार? पाण्यातल्या उवाच मारायला हव्या होत्या, आणि पाणी सर्वांत कमी असतं ते याच दिवसांत.

हिंगण या मुलखात बांधाबांधावर आहे. काटेरी झाड, खजुरासारखं फळ. हिवाळ्यात पिकतं, आणि घरोघरी गाडग्यात वाळवून ठेवतात. गर पाण्यात कुस्करला की साबणासारखा फेस येतो. रेशमी लुगडी त्यातच धुतात. एका बरणीत मी चिमूटभर गर टाकला, दुसरीत जास्त, तिसरीत भरपूर. प्रत्येक बरणीत पाटातली बोटभर मासळी सोडली होती. चिमटीच्या बरणीत दुसऱ्या दिवशी उवा मरून तळाशी बसल्या होत्या, मासळी मजेत. दुसरीतली मासळी वर येऊन धापा टाकत होती. तिसरीतली पोट वर करून तरंगत होती.

अक्का त्या तिसऱ्या बरणीपाशी उकिडवी बसली.

"हिच्यासारखं व्हईन माह्या नथनीचं?"

"नाही अक्का," मी म्हटलं. "चिमटीएवढाच टाकायचा. उवा मरतील, नथनीला काही व्हायचं नाही. कमळची शपथ."

ती उठली आणि आपलं हिंगणाचं गाडगं घेऊन आली.

डोंगरातला डोह

नाना एक दिवस मला सातपुड्यात घेऊन गेले. म्हणाले, "तू मासे गुंगवते ते बरनीत. डोंगरात पावरा लोक डोहात गुंगवते. पाह्य."

पळसाची पानं झडलेली, वाट दगडाळ. मी एकदा घसरले आणि चपलेचा अंगठा तुटला. नानांनी पळसाच्या मुळीचा दोर वळून तो बांधून दिला, आणि ती चप्पल पुण्यापर्यंत टिकली. ओढा आटून त्याचे सुटे डोह झाले होते. एका डोहावर पावरा आदिवासींच्या वस्तीतली बायका-माणसं जमली होती. गेळफळं, ज्यांनी आपले वैद्य ओकारी करवतात तीच, ही माणसं दगडावर ठेचत होती, आणि तो चोथा टोपलीत घालून पाण्यात घुसळत होती. त्यांची बोली मला कळत नव्हती, पण गंमत कळत होती. हळूहळू मासे वर येऊ लागले, लग्नात ताडी प्यायलेल्या व्याह्यासारखे तिरपे तिरपे. बायका हसत त्यांना टोपलीत घेत.

लहान मासे मात्र त्या उचलून खालच्या वाहत्या पाण्यात सोडत होत्या. एका म्हातारीनं एक पिल्लू ओंजळीत धरलं, त्याचं तोंड धारेकडे केलं आणि थांबली. थोड्या वेळानं ते फडफडलं आणि निसटून गेलं.

"ताजं पानी तोंडात गेलं की गुंगी उतरते म्हन्ते ती," नानांनी सांगितलं. "पन येयेवर सोडलं पाह्यजे. उशीर झाला त न्हाई."

म्हातारीनं आम्हाला निखाऱ्यावर भाजलेला मासा पानावर दिला. नाना मासे खात नाहीत, मीही नाही. पण ती तोंडाकडे बघत उभी होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खाल्ला. परतताना नाना म्हणाले, "अक्काले सांगू नको." अक्काला सांगितलं नाही. इथे लिहिलं आहे, पण अक्काला वाचता येत नाही, आणि नाना चष्मा लावत नाहीत.

घरटी एक टोपली

आखाजीच्या आदल्या दिवशी गर टाकायचं ठरलं. तीन-चार दिवस पाणी नानांच्या शेतातल्या विहिरीचं प्यायचं. नानांनी बारवेतल्या पाण्याचा मोटांनी अंदाज बांधला, मी हिशेब केला. एक टोपली गर, तोही शिगेला न भरता. पहाटे अक्काच्या घरचा गर भिजवून, कुस्करून मी स्वतः पायऱ्यांवरून पाण्यात सोडला. नथनी एकदा वर आली, फेसाला तोंड लावून पाहिलं, आणि खाली गेली. मी निश्चिंत होऊन घरी आले आणि झोपले.

इथल्या रीतीचं मला ठाऊक नव्हतं, ते एवढंच. गावाचं काम असलं, मग ते देवळाचा कळस असो, भंडारा असो, की विहिरीचा गाळ, त्यात घरटी वाटा असतो. ज्या घरचा वाटा घेतला नाही, त्या घराला गावानं वाळीत टाकल्यासारखं वाटतं. एकाच घरच्या टोपलीवर गावाची बारव शुद्ध व्हायची, ही गोष्ट कोणाच्या गळी उतरेना. मी झोपले होते तेव्हा एकेक घरची बाई आपली टोपली घेऊन पायऱ्या उतरत होती. कोणी शिगेला भरून, कोणी शेजारणीहून कमी नको म्हणून दोन. वाडगंभर हिंगण असलेली एक गरीब म्हातारीही तेवढं घेऊन आली. सगळ्यांनी हळदकुंकू वाहिलं. गोदाचं भलं व्हावं, गावाचं भलं व्हावं, असं म्हणत त्यांनी ते ओतलं. त्या ओतणाऱ्यांत एकीच्याही मनात वाईट काही नव्हतं. मी नंतर खूप शोधलं, पण चूक अमक्याची म्हणावी असं कोणी मला सापडलं नाही.

अक्का रोजच्या वेळेला गोळ्या घेऊन गेली. तिची हाक ऐकून मी धावले, ती घरापर्यंत ऐकू आली होती.

बारव दुधासारखी फेसाळली होती. लहान मासे पांढरी पोटं वर करून पसरले होते. अक्का कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्यांच्यात हात घालून शोधत होती. नथनी त्यात नव्हती. ती खोल कुठल्यातरी दगडाच्या कपारीत गेली असावी. ओतणाऱ्या बायका वर कठड्याशी गोळा झाल्या होत्या, आणि रिकाम्या टोपल्या त्यांच्या हातांतच होत्या.

नाना आले. त्यांनी खाली पाहिलं, अक्काकडे पाहिलं आणि ओरडले, "बैल आना! मोटा लावा. सारं पानी उपसून टाकू. तयाशी गेली असीन त सापडीन, झिऱ्याचं ताजं पानी लागलं त वाचीन बी." माणसं धावली. बैल आले, मोटेचा दोर चाकावर चढला.

अक्का पाण्यातून माझ्याकडे वळली.

"पानी उपसलं त गोदीच्या पायाचं काय?"

खोटं बोलावं, असं मला फार वाटलं. पण ती माझ्या डोळ्यांत पाहत होती. "उपसलं तर औषधही जाईल, अक्का," मी म्हटलं. "गाळात उरलेल्या उवा पुन्हा वाढतील. गावातला हिंगण आता संपला. पुढचा हिवाळ्यात येईल, तेव्हा बारव भरलेली असेल."

"म्हंजे पुढच्या वर्सी पुन्हा नारू."

"होय."

तिनं वर पाहिलं. मोट कठड्यावर टेकली होती, नाना दोर धरून उभे होते.

"राहू द्या," अक्का म्हणाली.

"अवं, पन नथनी..."

"राहू द्या म्हनलं ना. बैल घरी न्या."

नानांनी दोर सोडला नाही. त्यांच्या हाताच्या शिरा मला खालून दिसत होत्या. शेवटी त्यांनीच मोट उचलून बाजूला ठेवली, आणि पागोट्याच्या शेवानं तोंड पुसत मागे सरले.

अक्का त्या फेसाळ पाण्यात तशीच उभी राहून हाक मारू लागली. "ये व नथनी. ये व माय." तिला समजावायला कोणी गेलं नाही. ऊन पायऱ्यांवरून खाली आलं. किती वेळ गेला कोण जाणे, पण नथनी आली. आडवी, एका कुशीवर, शेपूट जेमतेम हलत होती. तिला काय ऐकू आलं असेल? मासे ऐकतात का, हे मी मुलींना शिकवते. त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं. ती अक्काच्या पोटाशी येऊन टेकली.

पाटावर

तिला ओल्या पदरात घेऊन आम्ही नानांच्या शेताकडे पळालो. तिथं मोट चालू होती, आणि पाटातून गार, स्वच्छ पाणी केळीला चाललं होतं. मी अक्काला डोंगरातल्या म्हातारीचं सांगितलं. अक्कानं नथनीचं तोंड धारेकडे करून तिला दोन्ही हातांत धरलं. मी पाटात आडवं ढेकूळ घालून पाणी तिच्या तोंडाकडे वळवलं.

कल्ले उघडले, मिटले, पुन्हा उघडले. एकदा तिनं शेपूट मारली, इतकी जोरात, की माझ्या तोंडावर पाणी उडालं, आणि अक्का हसली. त्या हसण्यात मला कमळ दिसली. मग कल्ले सावकाश झाले. मी मोटेवरच्या गड्याला ओरडले, "जोरात हाका!" त्यानं हाकले. पाणी वाढलं. सोन्याचा तो ठिपका पाण्यात चमकत होता, पण कल्ले पुन्हा उघडले नाहीत.

अक्का बराच वेळ तशीच धरून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कमळची शपथ मी घेतली होती आणि ती खरी ठरली नव्हती. "अक्का, माझं चुकलं" असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं मान हलवली, नाही अशी.

केळीच्या ओळींतून कोणीतरी येत असल्याचा आवाज झाला. गोदा होती. घरापासून शेतापर्यंत ती त्या पायानं चालत आली होती. लंगडत, केळीचे बुंधे धरत. पायाची पट्टी सुटून मागे लोंबत होती, आणि पाटाच्या कडेचा चिखल घोट्यापर्यंत माखला होता. तिनं नथनीकडे पाहिलं. मग वाकून अक्काच्या पायांवर डोकं ठेवू लागली.

"माह्यामुळे झालं, अक्का. माह्या पायापायी..."

अक्कानं नथनीला केळीच्या पानावर ठेवलं. दंड धरून गोदाला खाली बसवलं, आणि तिचा तो सुजलेला, चिखलानं भरलेला पाय ओढून सरळ आपल्या मांडीवर घेतला, नथनी होती त्याच ओल्या पदरावर.

गोदा घाबरून पाय ओढू लागली. आमच्याकडे काय, यांच्याकडे काय, सुनेचा पाय सासूच्या मांडीवर कोणी पाहिलेला नाही. "नका अक्का, नका! पाप लागीन मले."

"लागू दे," अक्का म्हणाली. "ह्या पायासाठी मी पानी उपसू देल्लं न्हाई. अन् तू याले चिखलात घालून आनला?"

आणि त्या काडीला धक्का लागू न देता, बोटाबोटांतला चिखल पदरानं पुसता पुसता ती रडू लागली. मोठ्यानं, शेतातल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गोदानं पाय मागे घेतला नाही.